आळ समाजमंदिरात, माफी मात्र दार लावून

पत्र : मिरजेजवळच्या एका गावातली गोष्ट मी चार वर्षं लिहिते आहे. सुलभा आणि मेहरुन शाळेपासूनच्या मैत्रिणी. २००६ साली दोघी एकाच बचत गटात, सुलभा अध्यक्ष आणि मेहरुन सचिव. नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी सुलभा गटाच्या खात्यातले ४०,००० रुपये कुणाला न सांगता काढते. आळ मेहरुनवर येतो, सुलभा गप्प बसते आणि मेहरुनचं घर गाव सोडून जातं. १८ वर्षांनी एका लग्नात दोघींची गाठ पडते, सुलभा माफी मागते, मेहरुन तिला जवळ घेते. गोष्ट सुलभा सांगते, पण पैसे तिनेच काढले हे वाचकाला ३१व्या प्रकरणात कळतं. एकूण ४२ प्रकरणं, १ लाख १० हजार शब्द. दोन प्रकाशकांनी 'उत्तरार्ध विरळ आहे' असं सांगून हस्तलिखित परत पाठवलं. वाचलेल्या मैत्रिणी म्हणतात, 'रडू आलं, पण पटलं नाही.' रडू आलं तर पटलं कसं नाही? सोबत गोषवारा आणि तीन प्रकरणं पाठवते आहे. – अडकलेली

उत्तर :

रडू तर पाठवणीच्या सनईनेही येतं, नवरी कोण हे माहीत नसलं तरी. त्यामुळे तुमच्या मैत्रिणींच्या दोन वाक्यांपैकी पहिलं विसरा. दुसऱ्याचं उत्तर तुमच्याच गोषवाऱ्यात आहे.

१४व्या प्रकरणात समाजमंदिरात गटाची बैठक भरते. पंधरा बायका सतरंजीवर, दारात चार पुरुष, मध्ये उघडं पासबुक, आणि मेहरुन उभी. ३६व्या प्रकरणात सुलभा माफी मागते ती मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत, 'दार लावून'. हे शब्द तुमचेच आहेत. अब्रू गेली चारचौघांत आणि परत मिळाली बंद खोलीत. त्या खोलीबाहेर, गावाच्या हिशेबी, मेहरुन अजून चोरच आहे. वाचक हे शब्दांत मांडणार नाही, पण त्याला ते टोचतं. 'पटलं नाही' म्हणजे हेच.

चूक, मैत्री आणि दुसरी संधी अशा कादंबऱ्यांत बहुतेक हस्तलिखितं इथेच पाय घसरून पडतात. लेखकाला वाटतं की माफीचा प्रसंग हा शेवट आहे आणि तो जितका ओला तितका चांगला. खरं म्हणजे दुसरी संधी हा प्रसंगच नाही, ती परीक्षा आहे. पहिल्यांदा जे द्यायला आपण कचरलो ते या वेळी, जिथे नुकसान झालं तिथेच, द्यायचं. खालिद हुसैनींची 'द काइट रनर' (२००३) मराठीत अनुवादित आहे, ती या एकाच गोष्टीसाठी पुन्हा चाळा. त्यात काबूलच्या सुखवस्तू घरातला अमीर, आपला सवंगडी आणि घरच्या नोकराचा मुलगा हसन याच्यावर अत्याचार होताना घाबरून पळतो. या भित्रेपणाची भरपाई पुढे मारहाणीच्या प्रसंगात झाली असं पुष्कळांना आठवतं. पण त्याची खरी कबुली त्यानंतर अमेरिकेत, सासऱ्यासमोर जेवणाच्या टेबलावर होते. हसन आपल्या वडिलांचाच मुलगा होता हे तो तिथे उघड सांगतो आणि हसनच्या पोराला पुन्हा 'हजारा मुलगा' (हजारा म्हणजे अफगाणिस्तानातली, हलकी लेखली जाणारी जमात) म्हणायचं नाही असं सासऱ्याला बजावतो. खानदान आणि इभ्रत याशिवाय ज्या माणसाला दुसरं काही दिसत नाही, त्याच्यासमोर. आणि हसन तर तोवर मेलेला आहे. माफ करणारं कुणी उरलेलंच नाही, तरी पुस्तक उभं राहतं.

तेव्हा पहिली दुरुस्ती अशी. कबुली गटाच्या बैठकीत व्हायला हवी, आणि ती प्रोसिडिंगच्या (इतिवृत्ताच्या) वहीत लिहिली जायला हवी. गोषवाऱ्यात सुलभा २०२४ साली ग्रामपंचायत सदस्य आहे आणि तिच्या मुलाचं लग्न ठरलेलं आहे. सध्या या दोन्ही गोष्टी नुसत्या माहितीसारख्या पडून आहेत. त्यांना किंमत म्हणून वापरा. ती बोलली तर पद जाईल, कदाचित सोयरीकही मोडेल. नाही बोलली तर कुणाला काहीच कळणार नाही. एवढं दोन्ही बाजूंना ठेवलं की उत्तरार्धात पानं कशाने भरायची हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही.

आता लपवाछपवीबद्दल. 'मी' म्हणून बोलणारी बाई ३० प्रकरणं स्वतःची चोरी मनातसुद्धा आणत नाही, हे शक्य नाही. आपल्याला फसवलं ते सुलभाने नव्हे तर लेखिकेने, असं वाचकाला वाटतं. आणि एकदा तो लेखिकेवर रुसला की पुढचे अश्रू फुकट जातात. 'काइट रनर'मध्ये अमीर पळाला त्या १९७५च्या हिवाळ्याचा उल्लेख पहिल्याच पानावर आहे आणि घटना २५ प्रकरणांपैकी सातव्यात घडून जाते. इयन मॅकइवनच्या 'अटोनमेंट'मध्ये (२००१) तेरा वर्षांची ब्रायनी खोटी साक्ष देते ती पहिल्याच भागात, आपल्या डोळ्यांदेखत. त्या कादंबरीतही शेवटी धक्का आहे, पण लेखकाने लपवलेली असते ती चूक नव्हे, चुकीचा परिणाम. हा फरक भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. चूक उघडी ठेवा, आणि राखून ठेवायचंच असेल तर तिचं पुढे काय झालं ते राखा.

मग ३१व्या प्रकरणाच्या जागी काय ठेवायचं? त्यासाठी आधी तुमच्या चोरीतली एक भेग बुजवू. बुजवताना तुम्हाला फायदाच होईल.

गटाचं खातं एका सहीवर चालत नाही. पैसे काढायला किमान दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात. मग सुलभाने एकटीने ४०,००० काढले कसे? तुम्ही लिहिलंय, 'बँकेतून पैसे काढले', आणि पुढे गेलात. बचत गटात बसलेली कुठलीही वाचक इथे थांबेल. पण खेड्यात काय चालतं ते तुम्हाला ठाऊकच असणार. बँक सात-आठ किलोमीटरवर, दोघींना एका वेळी जाणं जमत नाही, म्हणून एक जण कोऱ्या विड्रॉल स्लिपवर आधीच सही करून ठेवते. मेहरुनने तशी सही केलेली असू द्या. शाळेपासूनची मैत्रीण, तिच्यावर काय संशय घ्यायचा! म्हणजे चोरी घडली ती मैत्रीतल्या विश्वासाचाच किल्लीसारखा वापर करून. मेहरुनचा दोष काढायचाच तर तो एवढाच.

इतकं झालं की आळही आपसूक बसतो. बैठकीत स्लिपवर दोघींच्या सह्या निघतात, आणि सुलभा म्हणते, 'मी कोऱ्या स्लिपवर सही करून हिच्याकडे दिली होती.' सत्याच्या बरोबर उलट, एकच वाक्य. तुमच्या आत्ताच्या मसुद्यात ती नुसती गप्प बसते, आणि गप्प बसण्याला वाचक फार पटकन माफ करतो, कारण तो स्वतःही पुष्कळदा गप्प बसलेला असतो. चूक दोन पायऱ्यांची असावी. पहिली भीतीपोटी, दुसरी जाणूनबुजून. अमीर आधी घाबरून पळतो, ते एक. नंतर हसनच्या गादीखाली घड्याळ आणि पैसे ठेवून त्याला चोर ठरवतो, ते दुसरं. पुस्तकभर त्याच्या मानेवर बसून राहतं ते हे दुसरं.

आणखी एक बारीक गोष्ट. बँकेत रोख घेताना स्लिपच्या मागच्या बाजूला पैसे घेणाऱ्याची सही घेतात. ती सुलभाची आहे. 'बँकेत जाऊन स्लिप उलटून बघू या' असं पंधरा बायकांतली एकही म्हणाली नाही. का नाही म्हणाली, यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील. मेहरुन सचिव होती, तिला ही मागची सही माहीत होती. तरी ती बोलली नाही. तेव्हा सुलभाचा नवरा इस्पितळात होता म्हणून? की आपलं नाव मेहरुन आहे आणि मागणी केली तरी कुणी हलणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं म्हणून? ३१व्या प्रकरणात फोडायची गोष्ट ही आहे. मेहरुनला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. हे सुलभालाही तिथेच कळू द्या, म्हणजे निवेदिकेने काही लपवलं असं होत नाही.

इथे थोडं स्पष्ट बोलतो. आळ गावातल्या मुसलमान बाईवर चटकन बसतो, याकडे तुमचं हस्तलिखित बघतच नाही. उलट ईदचा शीरखुर्मा दोनदा येतो आणि मेहरुन दोन्ही वेळा वाटीभर चांगुलपणा घेऊन दारात उभी राहते. वाचकाने प्रश्न विचारायच्या आत तो तुमच्या पात्रांनी विचारायला हवा. भाषण नको, बैठकीतल्या एका बाईची अर्धवट सोडलेली ओळ पुरे. मेहरुनची भाषाही तपासा. तिचं मराठी तुम्ही हिंदी सिनेमातून आणलंय. मिरज भागातली अशी बाई घरात दखनी उर्दू बोलेल, पण गटात आणि बाजारात ती सुलभाइतकंच रांगडं मराठी बोलणार. तिला रागही येऊ द्या. पाठवलेल्या तीन प्रकरणांत तिला एकदाही राग आलेला नाही. अशा बाईने माफ केलं तर त्यात विशेष काय?

आकडेमोडही करून घ्या, वाचकाला नुकसान मोजता आलं पाहिजे. गॅब्रिएल झेविनच्या 'टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो' (२०२२) मध्ये सेडी इस्पितळात सॅमशी खेळायला जाते आणि ते तास समाजसेवा म्हणून नोंदवत राहते. सॅमला हे कळतं तेव्हा ६०९ तास झालेले असतात. चूक तशी किरकोळ. पण आकडा आहे म्हणून ती विसरता येत नाही. तुमच्याकडे ४०,००० आहेत, पण ते हवेत तरंगतात. १५ बायका, महिना ५० रुपये, म्हणजे महिन्याची बचत ७५०. या हिशेबाने ४०,००० म्हणजे गटाची जवळजवळ साडेचार वर्षांची बचत. एवढी रक्कम एका वेळी खात्यात पडून असणं अवघड, कारण गट पैसा अंतर्गत कर्जात फिरवत असतो. म्हणून चोरी त्या आठवड्यात घाला, ज्या आठवड्यात बँकेचं कर्ज गटाच्या खात्यात जमा झालंय आणि वाटप व्हायचंय. याने एक मोठी सोय होते. कर्ज तर फेडावंच लागतं. पुढची दोन-तीन वर्षं पंधराच्या पंधरा बायका, न घेतलेल्या पैशाचा हप्ता भरताना, दर महिन्याला मेहरुनच्या नावाने बोटं मोडणार. आणि सुलभा त्यांच्यात बसून स्वतःचा हप्ता मोजून देणार. पश्चात्तापाची चार पानं वाचवायची असतील तर हा एक हप्ता दाखवा.

परत द्यायची रक्कमही ठरवा. गटाचा व्याजदर महिना दोन टक्के धरला तर ४०,००० वर महिन्याला ८०० रुपये होतात. १८ वर्षांचे महिने २१६, म्हणजे सरळव्याजाने १,७२,८००. मुद्दल धरून २,१२,८००. सुलभाने हा हिशेब कॅलेंडरच्या मागे दर वर्षी मांडला असेल. आणि पैसे द्यायचे कुणाला, हा प्रश्न तर अजून सुरूच झालेला नाही. गट मोडला, दोन-तीन बायका वारल्या, काही मुलांकडे पुण्याला गेल्या. त्यांची दारं एकेक करून ठोठावणं ही तुमच्या उत्तरार्धाची हाडं आहेत.

मधली १८ वर्षं तुम्ही 'काळ कुणासाठी थांबत नाही' या ओळीने ओलांडली आहेत. ती ओळ काढा. या काळात संधी हुकल्याचे तीन प्रसंग पुरेत, आणि त्यातला एक तयारच आहे. सुलभा गपचूप पैसे साठवतेय, पाचशे-हजाराच्या नोटा, तांदळाच्या डब्यात. ८ नोव्हेंबर २०१६ची रात्र. आता त्या नोटा ३० डिसेंबरच्या आत बँकेत भरायला हव्यात, म्हणजे घरात सांगायला हवं की या आल्या कुठून. ती काय सांगते? लिहून बघा. तिच्याबद्दल तुम्हालाच नवं काही कळेल.

काळाच्या दोन चुका जाता जाता. २००६ सालच्या प्रकरणात 'उमेद'च्या ताई येतात. उमेद हे राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचं महाराष्ट्रातलं रूप, आणि ते अभियान २०११चं. २००६ मध्ये स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना होती, नाहीतर महिला आर्थिक विकास महामंडळाचे, म्हणजे माविमचे, गट. आणि मेहरुनच्या मुलीने व्हॉट्सॲपवर निरोप पाठवणं त्या सालात शक्य नाही, ते आलंच २००९ मध्ये. मिस्ड कॉल द्यायला लावा, तो जास्त त्या काळातला आहे.

लग्नातली भेट जाऊ द्या. योगायोग गोष्ट सुरू करायला चालतो. सॅम आणि सेडीही रेल्वे स्थानकावरच्या गर्दीत अचानक पुन्हा भेटतात, पण ते कादंबरीच्या सुरुवातीला. उत्तरार्धात योगायोग आणला की सुलभाच्या वाटचं काम दैव करून टाकतं. तिने मेहरुनचा पत्ता शोधत जायला हवं. दोनदा दारातून परत यायला हवं, हवं तर तिसऱ्यांदाही. त्या स्थानकावर सेडी माफीचं भाषण करत नाही हेही बघा. ती सॅमच्या हातात स्वतः केलेल्या खेळाची डिस्क ठेवते आणि जाते. एलेना फेरांतेच्या नेपल्समधल्या चार कादंबऱ्यांत (२०११ ते २०१४) पहिल्या भागात तळघरात पडलेल्या दोघी मैत्रिणींच्या बाहुल्या चौथ्याच्या शेवटी पार्सलातून परत येतात, सोबत चिठ्ठीसुद्धा नाही. वस्तू बोलतात तिथे माणसांनी थोडं कमी बोलावं. तुमच्याकडे पासबुक आहे, वही आहे, स्लिप आहे.

मराठीत तर हे फारच खरं आहे. 'मला माफ कर' हे वाक्य आपल्याकडे नाटकात आणि पडद्यावर म्हणतात. दोन बायका स्वयंपाकघरात ते म्हणत नाहीत. 'चुकलंच माझं', 'तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं', नाहीतर नुसतं 'चहा टाकते'. ३६व्या प्रकरणात सुलभा 'माफ कर' सात वेळा म्हणते, सातही काढा. त्याऐवजी हाक मारण्याकडे लक्ष द्या. पहिल्या प्रकरणांत मेहरुन तिला 'सुले' म्हणते. १८ वर्षांनी दार उघडल्यावर ती काय म्हणेल? 'या, सुलभाताई. बसा.' या 'बसा'मध्ये जेवढा दुरावा आहे तेवढा तुमच्या चार पानांच्या वर्णनात नाही. मग 'सुले' परत कधी येतं, की येतच नाही, यावर वाचक शेवटपर्यंत कान लावून बसेल. आणि ते एकदाच वापरा.

लांबीचं म्हणाल तर १ लाख १० हजारांवरून ८५ हजारांवर या. मैत्रीला १४ हजार शब्द, चूक घडण्याला ८, पडझडीला १५, मधल्या वर्षांना ८, आणि उरलेले ४० हजार दुसऱ्या संधीला. सध्या तुमचं गणित उलटं आहे. चूक उघड होईपर्यंत तीनचतुर्थांश कादंबरी संपते आणि उरलेल्या अकरा प्रकरणांत फक्त हुंदके आहेत. प्रकाशक 'विरळ' म्हणतात ते यालाच. मैत्रीचा भाग मात्र फार कापू नका. काय मोडलं हे कळण्याआधी ते सुख वाचकाने थोडं चाखलं पाहिजे, आणि दोघी डबा वाटून खातात त्या प्रकरणात तुमचा हात उत्तम चालला आहे.

कापण्याची सोपी रीत सांगतो. प्रिंट काढा. सुलभाला वाईट वाटतंय अशा प्रत्येक ओळीखाली लाल रेघ मारा, ती काही करतेय तिथे निळी. पाठवलेल्या तीन प्रकरणांत आम्ही मारून पाहिली, पानंच्या पानं लाल झाली. 'डोळे पाणावले' अकरा वेळा आलंय. एकच ठेवा, आणि ते मेहरुनचे ठेवू नका. कापण्याआधी एक काम करा. बैठकीची ती रात्र मेहरुनच्या बाजूने दीड हजार शब्दांत लिहा. कादंबरीत घालायची नाही, फक्त लिहायची. तिने घरी जाऊन काय स्वयंपाक केला, नवऱ्याने काय विचारलं, मुलीला शाळेतून का काढलं. हे माहीत नसताना १८ वर्षांनंतरची मेहरुन लिहिता येत नाही, म्हणून तर ती इतकी गोड निघाली आहे.

शेवटचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. मेहरुनने माफ करावं का? ते सुलभाच्या हातात नाही, म्हणून कादंबरी त्यावर टांगू नका. सुलभाच्या हातात एवढंच आहे की बायकांना पुन्हा जमवायचं आणि बोलायचं. इतक्या वर्षांनी बँकेत ती स्लिप मिळणार नाही. मागची सही दाखवून काही सिद्ध करता येणार नाही, म्हणजे पुरावा म्हणून आता फक्त सुलभाचा शब्द उरला आहे, आणि तो तिच्याच विरुद्ध वापरायचा आहे. बैठक त्याच समाजमंदिरात घ्या. हयात असलेल्या बायका, नवी वही, कुणीतरी तरुण पोरगी मजकूर लिहून घेते आहे. रक्कम आकड्यात आणि अक्षरात. खाली उपस्थितांच्या सह्या होतात. वही फिरत मेहरुनपाशी येते. ती सही करते की नाही हे तुम्ही ठरवा. पण पेन उचलण्याआधी ती वरचा मजकूर पहिल्या ओळीपासून वाचून काढते, एवढं जरूर लिहा.